फळ्यावरचे दोनशे चौऱ्याण्णव दिवस

ज्योतीराम म्हणजे आमच्या प्रेस शॉपमधला, म्हणजे मशीननं पत्रा दाबून भाग काढायच्या विभागातला, सगळ्यात सज्जन आणि सगळ्यात हट्टी माणूस. बीडकडून महाळुंग्याला येऊन त्याला अठरा वर्षं झाली. कंपनीच्या गेटजवळ 'अपघाताविना दिवस' असा फळा आहे, त्यावरचा आकडा रोज सकाळी तोच बदलायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. कालचा आकडा ओल्या फडक्यानं पुसायचा आणि नवा असा ठसठशीत काढायचा, की वाटावं, पोराच्या नव्या वहीवर नाव घालतोय. तीनशे दिवस भरले की सगळ्या शॉपचा सत्कार होणार होता.

दोनशे एक्याण्णवाव्या दिवशी पत्र्याच्या धारेनं त्याचा तळहात फाटला. डॉक्टरकडं नेलं की नोंद होणार, आणि नोंद झाली की फळा शून्यावर.

"कुणाला सांगू नका, नवनाथभाऊ," तो म्हणाला.

आणि मी दीडशहाणा! मशीन पुसायच्या चिंध्यांनी हात बांधला, वर टेप मारला. माझ्या लॉकरमधल्या दुखण्याच्या गोळ्या तीन दिवस दिल्या, शिफ्टमध्ये दोन-दोनदा, उपाशीपोटी. आमच्यात सगळेच असं करतात, त्यामुळे मला काही वाटलंसुद्धा नाही.

चौथ्या सकाळी त्यानं २९४ काढला, पण वाकडातिकडा. तासाभरात तो हुडहुडी भरून मशीनपाशीच खाली बसला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जखमेतलं इन्फेक्शन अंगभर भिनलंय, याला सेप्सिस म्हणतात. किडन्या बंद पडत चालल्यात. पलंगाला लावलेल्या लघवीच्या पिशवीत तळाशी जेमतेम चमचाभर होतं. त्याची बायको यशोदाबाई त्या पिशवीवरून नजर हलवत नव्हती.

दुपारी डॉक्टरांनी तिला बोलावलं. मी मागं उभा होतो.

"किडनीचा रक्तपुरवठा वाढावा म्हणून अमिनो ॲसिडचं सलाइन द्यावं का, असा विचार चाललाय. काही ऑपरेशनांनंतर त्याचा उपयोग दिसलाय, पण सेप्सिसमध्ये अजून खात्री नाही. किडनी फारच दमलेली असेल तर उलट भार पडेल. म्हणून विचारतो, यांनी आधी काही गोळ्या घेतल्या होत्या?"

"न्हाई ओ डाक्टर. ह्ये तर साधी तापाची गोळी बी घेत न्हाईत. नवनाथभाऊ, सांगा की तुमी."

नोकरी जाईल, शॉपमधले तोंड बघणार नाहीत, सगळं एकदम डोक्यात आलं. लाज वाटते सांगायला, पण आधी तेच आलं. मग ती पिशवी दिसली.

"मी दिल्या," म्हणालो. "तीन दिवस." लॉकरमधलं गोळ्यांचं पाकीट खिशातच होतं, ते पुढं केलं.

डॉक्टरांनी पाकीट वाचलं. "म्हणजे इन्फेक्शनचा आणि या गोळ्यांचा, किडनीला दोन्हीकडून मार बसलाय. ते सलाइन आत्ता नको. डायलिसिसची तयारी करतो."

यशोदाबाई माझ्याकडं बघत राहिली. "तुमी?" एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सकाळी मी फळा पुसला आणि शून्य काढलं. सुपरवायझर लांबून ओरडला. मी सगळं लेखी दिलं.

तीनदा डायलिसिस झालं. नवव्या दिवशी पिशवी अर्धी भरली, तेव्हा यशोदाबाईनं मला हातानंच खुणावून आत बोलावलं. ज्योतीरामनं डोळे उघडले होते.

"तीनशे झाले का?" आवाज फुटत नव्हता.

"न्हाई. मी शून्य केलं."

त्यानं रागानं भिंतीकडं तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रागव बाबा. उद्या पण रागव.