पुन्हा त्रास देणार नाही

वसुमती मूळची निपाणीची. लग्नानंतर बेंगळुरूला आली आणि इंदिरानगरच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची नर्स झाली. १९९६ साली तिच्या नोकरीला अठरा वर्षं झाली होती.

त्या वर्षी होसकोट्याच्या कारखान्यातला फिटर महांतेश तिथं आला. विष घेतलं होतं. शेजाऱ्यांनी वेळेत आणलं म्हणून वाचला. चौथ्या दिवशी त्यानं दाढी केली, सगळ्यांशी हसून बोलला. तरुण डॉक्टर सुधींद्रांनी धोका मोजायच्या छापील कागदावर खुणा केल्या. पहिलीच वेळ, दारू नाही, नोकरी आहे, बायको आहे. म्हणजे धोका कमी. "सोडा घरी," म्हणाले.

महांतेशनं चादरीची घडी घातली. "अक्का, पुन्हा त्रास देणार नाही तुम्हाला."

वसुमतीला हे बोलणं ओळखीचं वाटलं. दोन वर्षांपूर्वी उल्का नावाची मुलगी अशीच हसत घरी गेली होती. आठवड्याच्या आत तिला परत आणलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती खाटेवर टेकली. "महांतेश, खरं सांग. पुन्हा मरायचं मनात आहे?"

"सिस्टर, नको ते डोक्यात भरवताय त्याच्या!" सुधींद्र चिडले.

"विचारल्यानं भरत नाही, डॉक्टर."

"बायकोला माहेरी, जमखंडीला पाठवलंय," महांतेश हळूच म्हणाला. "नोकरीचा राजीनामा दिलाय. घरात आता आड यायला कुणी नाही."

सुधींद्रांनी कागदावरच्या खुणा खोडल्या. महांतेशला ठेवून घेतलं, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. तार मिळताच त्याची बायको शिवलीला आली. महिन्याभरानं तो घरी गेला. दर सोमवारी दाखवायला यायचं ठरलं.

सात सोमवार आला. आठव्याला नाही. ड्यूटी संपताच वसुमतीनं त्याच्या घरी जायला के. आर. पुरमची बस धरली. दार आतून बंद. तिनं कडी वाजवली, हाका मारल्या. आत काहीच हललं नाही. ती शेजाऱ्यांना बोलावणार, तोच कडी निघाली. महांतेश एकटाच होता. शिवलीला दोन दिवसांसाठी माहेरी गेलेली.

"परत विचारू?" वसुमती म्हणाली.

"हो म्हणालो तर?"

"तर चप्पल घाल. आत्ताच जाऊ."

तो चप्पल शोधू लागला. तो बाहेर येईपर्यंत ती दारातून हलली नाही.

पुढच्या तीन वर्षांत महांतेश आणखी दोनदा कॅज्युअल्टीत आला, दोन्ही वेळा स्वतःच्या पायांनी. "मनात येतंय, अक्का," एवढंच म्हणायचा आणि बाकावर बसायचा.