टाकीच्या पाण्यात लागलेला टेस्टर

टेस्टरचं टोक माशांच्या टाकीतल्या पाण्याला लावलं आणि आतला दिवा लागला. मिणमिणता नाही. चांगला लाल.

ऑल्विन सर माझ्या मागे उभे होते. शाळेतून रिटायर झालेले, वसई गावातल्या बंगल्यात बायकोसोबत राहणारे.

"तुझाच लाइट ना रे हा?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

दुसरं काय बोलणार? टाकीवर टांगलेला तो लाइट मीच बनवला होता. हीटसिंक मी कापला, एलईडी मी सोल्डर केले, ड्रायव्हर मी निवडला.

मी वसई पूर्वेला एका कारखान्यात एलईडी ड्रायव्हरच्या टेस्टिंगला आहे. ड्रायव्हर म्हणजे एलईडीला ठरलेलाच करंट देणारा डबा. सुट्टीच्या दिवशी मी रीफ टँकचे लाइट बनवतो. रीफ टँक म्हणजे कोरल ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. सरांचे कोरल फार्ममध्ये वाढवलेले, कागदपत्रांसह आलेले. आपल्या समुद्रातून ते उचलणं गुन्हा आहे. कोरलला निळसर आणि जोरदार उजेड लागतो. त्या उजेडाने एलईडी तापतात, म्हणून ते अॅल्युमिनियमच्या जाड हीटसिंकवर बसवायचे. आणि हे सगळं मिठाच्या पाण्यावर वीतभर उंचीवर.

माझे वडील मिठागरावर कामाला होते. मीठ धातूचं काय करतं ते मी लहानपणापासून बघितलंय. आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या लाइटचा कोणाला झटका बसलेला नाही, हे मी छाती ठोकून सांगायचो.

त्या सकाळी सरांचा फोन आला. त्यांच्या बायकोला, मार्था टीचरना, हाताला मुंग्या येत होत्या. टीचर रोज सकाळी पाण्यात बोटं घालून माशांना भरवतात. त्यांना वाटलं, वय झालं. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू, मुंग्याही चालू. मग आदल्या दिवशी सरांनी टाकीत हात घातला आणि त्यांनाही मुंग्या आल्या.

मी लाइटचा प्लग काढला. पुन्हा टेस्टर लावला.

लागला.

म्हणजे लाइट नव्हता. मला आधी बरं वाटलं आणि लगेच ते बरं वाटणंही गेलं. पाण्यात करंट होता आणि तो कुठून येतो ते मला माहीत नव्हतं.

एकेक वस्तू बंद करत गेलो. पाणी थंड ठेवणारा चिलर. तरीही टेस्टर पेटलेलाच. लाटा करणारा पंखा. पेटलेलाच. मग पाणी फिरवणारा पंप बंद केला आणि दिवा विझला. पंपाची वायर जिथे आत शिरते तिथे मिठाने रबर फोडलं होतं.

"चला, सुटलो," सर म्हणाले. "नवीन पंप आणू."

मला सुटल्यासारखं वाटेना. त्या टाकीत मी टायटॅनियमची एक कांडी सोडलेली होती. तिची वायर सॉकेटच्या वरच्या जाड भोकात, म्हणजे अर्थिंगला. पाण्यात करंट उतरला तर कांडीतून जमिनीत जावा, पाण्यात थांबू नये, यासाठी. मग तो थांबला कसा?

पंप मिनिटभर परत चालू केला. टेस्टर सॉकेटच्या त्या वरच्या भोकात घातला.

लागला.

घरातल्या सगळ्या मोठ्या वस्तूंचे पत्रे त्या एकाच वायरने जोडलेले असतात. ती वायर जमिनीत पोचत नसेल, तर माझी कांडी पाण्यातला करंट उचलून घरभर वाटत होती. मी स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजच्या दाराच्या पत्र्याला टेस्टर लावला. लागला.

तेवढ्यात मागच्या पडवीतून वॉशिंग मशीनची शिट्टी आली. मागचं दार उघडं होतं. मार्था टीचर मशीनकडे निघाल्या होत्या. लादी नुकतीच पुसलेली, ओली. पाय उघडे.

"टीचर, मशीनला हात लावू नका!"

टीचर थांबल्या. त्यांच्यावर त्या घरात कोणी ओरडत नसावं. मागे वळून म्हणाल्या, "कोणाशी बोलतोस तू?"

धावत जाऊन मेन स्विच पाडला.

पंखे थांबले. घर शांत झालं. मी तिथेच स्टुलावर बसलो.

काय झालं ते सांगितल्यावर टीचर म्हणाल्या, "मशीन हल्ली चावतंच. म्हणून स्लिपर घालून जाते. आज लादी पुसली, खराब होईल म्हणून काढली."

सरांनी दाराजवळच्या रबरी स्लिपरकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

मग आम्ही घरामागे गेलो. अर्थिंगसाठी जमिनीत तांब्याची प्लेट पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा घालतात, आणि तिथून एक पट्टी भिंतीवर चढते. लाइट लावला तेव्हा उन्हाळ्यात मी ते मीटरने मोजलं होतं. चोख होतं. करंट भलत्या वाटेने गेला की सप्लाय तोडणारा ईएलसीबी स्विचही बसवा म्हणालो होतो. सर म्हणाले होते, बघू.

आता पट्टी भिंतीवरून खाली येत होती आणि पेव्हर ब्लॉकच्या वर बोटभर अंतरावर संपत होती. कापलेली.

"पावसात पाणी घरात शिरलं ना," सर म्हणाले. "म्हणून भराव टाकून अंगण उंच केलं. गवंडी म्हणाला, ही पट्टी आड येतेय." "मीच म्हटलं, काप."

"तू म्हटलंस?" टीचरनी विचारलं.

पंप फेकला. मासे जगावेत म्हणून बॅटरीवरचा एअर पंप लावला. नवीन अर्थिंग झालं, ईएलसीबी बसला, मी मीटर लावून बघितलं, मगच मेन वर केला. वीज नव्हती तोवर दोन कोरल पांढरे पडले. टीचर आता लांब चिमट्याने भरवतात.

अर्थिंग नसलं म्हणून काहीच बंद पडत नाही. दिवे लागतात, फ्रिज थंड होतो, मशीन फिरतं. आणि मोजलेलं अर्थिंग मोजलं त्या दिवसापुरतं असतं. त्या आठवड्यात मी लाइट लावलेल्या सगळ्या घरी जाऊन आलो. आणखी एका घरी पट्टी तुटलेली निघाली. तिथेही अंगण उंच केलेलं होतं.

आता कोणी लाइट मागितला की टाकीच्या आधी मी अंगणाची चौकशी करतो. लोक चमत्कारिक नजरेने बघतात. बघू देत.