आधी तेल, माणूस मग

उस्मानचाचाने पहिल्याच दिवशी मला सणसणीत शिवी हासडली. माझा पाय दोराच्या वेढ्यात होता, दोर ताणला गेला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता. चाचा बोर्ली पंचतनचा, मी चौलचा. नौदलाच्या तेलजहाजावर आम्ही एकत्र होतो. भर समुद्रात युद्धनौका आमच्या बाजूला यायची, दोन्ही जहाजं एका वेगाने चालत राहायची आणि मधल्या तारेवरून सोडलेल्या जाड नळीतून आम्ही तिला तेल पाजायचो. नळीचा व्हॉल्व्ह चाचाकडे. "आपुन सुईण रे," तो म्हणायचा, "पोर दुसऱ्याचा, पेढेपण दुसऱ्याला."

पोट भरलं की ती नौका भोंग्यावर आपलं ठरलेलं गाणं लावून सुसाट निघायची. तसा रिवाजच आहे. चाचाचं त्या गाण्यांनी डोकं फिरायचं. नौका घरी जायच्या आणि आम्ही पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत तिथेच.

एका खेपेला बोर्लीहून निरोप आला, चाचाची आई अखेरची घरघर लागून पडली होती. बाजूला येणारी नौका तेल घेऊन मुंबईलाच निघणार होती. दोरावरच्या पाळण्यातून माणूस पलीकडे पाठवता येतो. आधी आमचा माणूस घ्या, असं आमच्या कॅप्टनने कळवलं. पलीकडच्या साहेबाचं उत्तर आलं, आधी तेल, माणूस मग.

अरे, दहा मिनिटांचं काम! कुणाचं काय अडलं होतं? चाचा पाठीला पिशवी बांधून व्हॉल्व्हपाशी उभा राहिला आणि त्याच नौकेला पोटभर तेल पाजलं. तोवर वारा फिरला, लाटा डेकवर चढायला लागल्या, पाळणा लावणं अशक्य झालं. दोर सोडावे लागले. आणि त्या बेशरमांनी गाणं लावलं. मागाहून 'उत्तम काम' असा संदेशही धाडला. आजही आठवलं की माझ्या अंगाची लाही लाही होते. चाचा, ज्याच्या शिव्यांनी अख्खं जहाज दबकून असायचं, तो त्या दिवशी खाली मान घालून नळी आत ओढत राहिला.

तो बोर्लीला पोचला तेव्हा आईला माती देऊन आठवडा झाला होता. नंतर मी भेटायला गेलो. त्याची भावजय सांगत होती, म्हातारी दाराकडे बघून सारखी म्हणायची, उस्मान बोटीवर हाय, येल. मी त्या साहेबाच्या नावाने बोटं मोडायला लागलो, तर चाचाने माझा हात धरला.

"माझ्याच तेलावर ती बोट मुंबईला पोचली," तो म्हणाला. "मी न्हाय पोचलो."