शून्य बरोबर शून्य

गल्लीतली मुलं आमच्या ह्यांना ‘क्षय मास्तर’ म्हणतात. क्ष आणि य शिकवतात म्हणून. मला हे नाव मुळीच आवडत नाही. चांगलं जितंजागतं माणूस, आणि नाव काय, तर रोगाचं. पण ह्यांना विचारलं तर म्हणणार, ‘म्हणू देत की, लक्षात तरी राहतं.’ ह्या माणसाला स्वतःबद्दल कधी काही वाटलंय, असं माझ्या ऐकिवात नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर पुढच्या खोलीत शिकवणी घेतात. येणारे सगळे गणितात गटांगळ्या खाल्लेले, आणि बहुतेकांचं घोडं एकाच धड्यापाशी अडलेलं: एकसामयिक समीकरणं. दोन अज्ञात, दोन समीकरणं, एकाची किंमत दुसऱ्यात ठेवायची आणि सोडवायचं. मास्तर हे फळ्यावर शिकवत नाहीत. ते सरळ स्वयंपाकघरात येतात, माझी किटली आणि सगळे कप उचलतात आणि पुढे नेऊन टेबलावर मांडतात. मला न विचारता, बरं का.

‘हा मोठा कप म्हणजे क्ष, हा छोटा म्हणजे य,’ ते सांगतात. ‘एका मोठ्यात दोन छोटे मावतात. हे पहिलं समीकरण. दोन मोठे आणि तीन छोटे भरले की किटली रिकामी होते, आणि किटलीत मावतं सातशे मिलिलिटर. हे दुसरं. आता एक मोठा उचला, त्याच्या जागी दोन छोटे ठेवा. दुसऱ्याचंही तसंच. काय उरलं टेबलावर?’

सात छोटे कप उरतात. सगळे एकाच जातीचे. मग छोटा शंभराचा, हे कुणीही सांगतं, आणि मोठा दोनशेचा. पण मास्तर एवढ्यावर कुणाला उठू देत नाहीत. ‘ताळा करा,’ म्हणतात. ‘दोन मोठे चारशे, तीन छोटे तीनशे. झाले सातशे? मग खुशाल घरी जा.’ तेवढे कप विसळायचे कुणी, हे मात्र त्यांच्या कुठल्याच समीकरणात बसत नाही.

हल्ली त्यांनी आणखी एक काढलंय. विद्यार्थ्यांनी लिहिलेलं ते मोठ्याने वाचायला लावतात, ओळ न् ओळ. मला वाटलं, शिकवायची नवी तऱ्हा असेल.

आमचा संसार गोडीगुलाबीचा. भांडण म्हणून कधी झालं नाही, आणि ह्याचा मला भारी अभिमान. शेजारणीला ऐकवायचेसुद्धा. भांडायला दोन मतं लागतात, हे तेव्हा कुठं डोक्यात आलं होतं? मी म्हणायचे, तुम्हाला आवडेल ते. ते म्हणायचे, तुला आवडेल ते. मागच्या खेपेला घर रंगवायला काढलं, तेव्हा रंगारी विचारायला आला. ह्यांनी त्याला आत पाठवलं, ‘तिला विचारा.’ मी त्याला बाहेर पाठवलं, ‘त्यांना विचारा.’ दोन-चार हेलपाटे घालून तो वैतागला, आणि इस्पितळाच्या कामातून उरलेला हिरवा रंग त्याने आमच्या चारी भिंतींना फासला. मला वाटलं, ह्यांना हिरवा आवडतो. ह्यांना वाटलं, मला आवडतो. शिकवणीला येणारी नर्सबाई पहिल्या दिवशी आत आली, भिंतींकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काकू, अगदी ड्यूटीवर आल्यासारखं वाटतंय हो.’

तर अशा ह्या घरात लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. तिच्या घराची खालची खोली भाड्याने दिलेली होती, ती आता रिकामी होत होती. ‘तुम्ही दोघं इकडेच या राहायला, कायमचे,’ ती म्हणाली. ‘पण रविवारपर्यंत सांगा. दुसरे लोक खोलीसाठी थांबलेत.’ आमचं हे घर भाड्याचं, जुन्या ओळखीवर मिळालेलं. एकदा सोडलं की सोडलं. म्हणजे उरलेलं आयुष्य कुठं काढायचं, तेच ठरवायचं होतं.

‘तुम्हाला काय वाटतं?’ मी ह्यांना विचारलं.

‘तू म्हणशील तसं.’

‘माझं काय, तुम्ही जिथं तिथं मी.’

झालं. दोघंही चहा पीत बसलो. दुसऱ्या दिवशी हेच, तिसऱ्या दिवशीही हेच. लेकीचा पुन्हा फोन आला, ती चिडलीच. ‘आई, तुम्ही दोघं बोलणार नसाल तर मीच ठरवते आणि टेम्पो घेऊन येते.’ मला तो रंगारी आठवला, आणि मी घाबरले. कारण मला जायचं नव्हतं. जीव गेला तरी जायचं नव्हतं. पण मास्तरांचा लेकीवर आणि नातीवर जीव, त्यांना तिकडे जावंसं वाटत असणार, मग आपण कशाला मध्ये आडवं पडायचं, असा माझा हिशेब. म्हणून मी मूग गिळून बसले होते.

शनिवारी दुपारी नर्सबाई आली. वरच्या पदासाठी तिची परीक्षा आहे, आणि तिला गणिताची धास्ती. मी आत भांडी घासत होते. दार उघडंच असतं. तिने नेहमीप्रमाणे वाचायला सुरुवात केली.

‘क्ष बरोबर दोन य. आता क्षच्या जागी दोन य ठेवले. दोन य बरोबर दोन य. मग दोन्हीकडचे गेले. शून्य बरोबर शून्य.’ ती थांबली. ‘सर, माझं दर वेळी हेच येतं. कप आहे का नाही मग?’

मास्तर हसले. ‘कप आहे. आणि तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. शून्य बरोबर शून्य, कोण नाही म्हणेल? फक्त ते कामाचं नाही. क्षबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं? पहिल्या समीकरणाने. आणि तुम्ही ते सांगायला परत कुणाकडे गेलात? पहिल्याकडेच. ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच जाऊन सांगितलं, तर तो मान डोलावणारच. दुसऱ्याकडे जायचं. जो काहीतरी वेगळं सांगतोय, त्याच्याकडे.’

माझा हात भांड्यातच राहिला. इतकी वर्षं भिंतीपलीकडून हे ऐकतेय, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते मला सांगितल्यासारखं लागलं.

नर्सबाई गेली. मी हात पुसले आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसले. मास्तर कप गोळा करत होते.

‘राहू द्या ते,’ मी म्हटलं. ‘मला एक गणित अडलंय. पहिलं समीकरण: तुम्हाला जे हवं, ते मला हवं. दुसरं: मला जे हवं, ते तुम्हाला हवं. सोडवा.’

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. ‘ही दोन नाहीत. एकच आहे, उलटं करून लिहिलेलं.’

‘मग सुटेल?’

‘नाही सुटणार. काहीही घातलं तरी बरोबर येईल.’ आणि मग त्यांच्या लक्षात आलं मी कशाबद्दल बोलतेय. ते हातातल्या कपासकट समोरच्या खुर्चीत बसले.

‘मी दुसरं देते,’ मी म्हटलं. एवढं म्हणायलाही मला धीर गोळा करावा लागला, आणि मला माझाच राग येत होता. आपल्याच नवऱ्याशी बोलायचं, त्यात धीर कसला लागतो? ‘मला जायचं नाही. तिकडे मी दिवसभर कुणाची तरी आई, सासू, आजी. इथे मी माझी मी असते. बाजारात मला माझ्या नावाने हाक मारतात. आणि दुपारी आत काम करताना तुमचा आवाज येतो, तो मला हवाय.’

मास्तरांनी मान डोलावली. मग हळूच म्हणाले, ‘बरं. मग मलाही नाही जायचं.’

दुसरा कुठला दिवस असता, तर मी लगेच चहाला आधण ठेवलं असतं. त्या दिवशी मी जागची हलले नाही.

‘ताळा करा,’ मी म्हटलं. ‘माझ्याकडे नका बघू. तुमच्याकडचा करा.’

त्यांनी कप टेबलावर ठेवला. ठेवताना तो कडेवरून घसरला, आणि मी तो पकडला. तेव्हा कुठे मला दिसलं, की त्यांना टेबलाची कड दिसलीच नव्हती.

‘मला जायचंय,’ ते म्हणाले. ‘मला वजाचं चिन्ह दिसत नाही गं आता. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा झिजलाय, चष्मा बदलून भागणार नाही. आज तिने वाचून दाखवलं म्हणून चूक कळली. उद्या कुणी वाचताना चिन्ह गाळलं, तर मी चुकीचंच बरोबर म्हणेन आणि त्याच्या परीक्षेचं वाटोळं होईल. त्यापेक्षा लेकीकडे जावं आणि गप्प बसावं, असं वाटतं.’

‘डॉक्टरकडे कधी गेला होतात?’

‘वाचनालयात जातो म्हणालो होतो, तेव्हा.’

मी भडकले. खरंच भडकले, अशी की शेजारणीला ऐकू गेलं असणार. एकटे गेलात, एकटे ऐकून आलात, आणि इथे मला ‘तू म्हणशील तसं’ सांगत बसलात? मी काय परकी आहे? त्यावर तेही चढले. म्हणाले, ‘आणि तू? तुला जायचं नव्हतं, हे लग्नाच्या बायकोने नवऱ्याला सांगू नये?’ मीही उलट उत्तर दिलंच. रडलेसुद्धा. बोलून बोलून दोघंही दमलो, तेव्हा खोलीत छान शांत झालं.

‘मी शेजारी बसून वाचलं तर?’ मी शेवटी म्हटलं. ‘चिन्हांसकट. वजा आलं की टेबलावर टिचकी मारीन. पण मला हवं म्हणून हो म्हणू नका. तेवढं करू नका.’

ते समोरचे कप एकात एक घालत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा गाडी मूळपदावर येणार. पण ते खरोखरच विचार करत होते, स्वतःचा. मी त्यांना तसं करताना ह्याआधी पाहिलं नव्हतं.

‘चालेल,’ ते म्हणाले. ‘पण दर महिन्याला आठवडाभर शिकवणी बंद. मी नातीकडे जाणार. तुला यायचं नसलं तरी जाणार.’

‘मला नाही यायचं दर महिन्याला.’

‘मग नको येऊस.’

‘बसमध्ये बसवून देईन. उतरवून घ्यायला जावई येतील.’

‘आणि हा हिरवा रंग,’ मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘मला तो कधीच आवडला नाही.’

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. नेहमी मी घेते. त्या दिवशी मास्तरांनी चाचपडत रिसीव्हर उचलला. ‘तुझ्या आईला यायचं नाही,’ ते म्हणाले. ‘मला यायचंय, पण राहायला नाही. खोली देऊन टाक.’

 मग लेकीने घाबरून विचारलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं. ‘बाबा, तुमचं आणि आईचं भांडण झालंय का?’

‘हो,’ मास्तर म्हणाले, आणि पोर पहिल्या नंबराने पास झाल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज लागला होता. ‘झालं एकदाचं.’