भट्टीत न करपलेलं घर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, पण आज सुनेनं चहात सुंठ घातली आणि नगरची आमची बेकरी आठवली. नाताळात आम्ही सुंठ-गुळाच्या बिस्किटांचं घर काचेच्या कपाटात मांडायचो. भट्टीवरचा मिस्त्री मीच, दरवर्षी गावातलं एखादं खरं घर बघून मी ते करायचो आणि कुणाचं आहे ते ओळखायला लोक यायचे. त्या वर्षी एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "मिस्त्री, यंदा माझं घर करा की. पोरगा मला सुप्याला नेतोय, हे पाडणार हायेत." मी हो म्हणालो. माप घ्यायला गेलो तर बाईंनी दाराला नवा हिरवा रंग दिला होता. पण दोन खोल्या, वर पत्रा. कपाटात उठून दिसणार नाही असं वाटून मी समोरच्या डॉक्टरांचा माडीचा बंगला केला. नाताळच्या आदल्या दिवशी बाई शेजारणीला घेऊन आल्या. बराच वेळ वाकून बघत म्हणाल्या, "मिस्त्री, माझं कुठंय?" मी खाली बघत म्हणालो, "केलं होतं बाई, भट्टीत करपलं." शेजारीण हसली, "घ्या, पाडायच्या आधीच जळालं!" बाईंनी मात्र माझे हात धरून उलटेसुलटे करून पाहिले. "तुमाला चटका न्हाई ना बसला?" महिन्याभरात त्या सुप्याला राहायला गेल्या. सुप्याच्या बसमध्ये मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा वाटेतच उतरलो. आता बाई राहिल्या नाहीत, मीही थकलो. बाई, तुमचं घर करपलं नव्हतं, मी ते केलंच नव्हतं. माफ करा, एवढंच म्हणायचं होतं.