मावशीचा बिघडलेला रिपोर्ट

शर्टांच्या कारखान्यात वीस वर्षं काजं-बटणं करणाऱ्या मावशीने नवऱ्यासोबत रक्त तपासून घेतलं. तिच्या लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले निघाले. रोज पिऊन येणाऱ्या नवऱ्याचे मात्र नॉर्मल.

"बघ, माझं लिव्हर ठणठणीत!" तो खिदळला. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लिव्हरवर चरबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी घ्या, चाला. गोड चहा, बिस्किटं आणि सगळ्यांचं उरलंसुरलं संपवणं बंद."

रात्री नवऱ्याने अर्धवट टाकलेलं ताट तिने त्याच्याच पुढे आदळलं. "संपव! माझं पोट म्हणजे कचऱ्याचा डबा नाही."

तीन महिन्यांत आकडे उतरले. नवऱ्याशी मात्र ती अजून धड बोलत नाही.