गोदामातला दरबार

सोनेरी रंगाचा वास आला की लातूरचं ते कोर्ट आठवतं. जिल्हा नवा, दुष्काळ जुना आणि कोर्ट धान्याच्या गोदामात. पक्षकार न्यायाधीशांसमोरच पोत्यांवर बसून तंबाखू मळायचे. शेवटी कोर्टाच्या नाझरांनी आमच्या नाटक मंडळीकडून दरबाराचा सेट मागून नेला: उंच चौथरा, मखमली पडदा, मी रंगवलेली सोनेरी खुर्ची. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी साक्षीला आला. विधवा भावजयीला पाणी द्यावं लागू नये म्हणून ‘विहीर माझ्या एकट्याची’ हे वाक्य त्यानं आदल्या दिवशी तिथंच पोत्यावर बसून वकिलाबरोबर घोकलं होतं. पडदा दिसताच त्यानं दारात चपला काढल्या आणि तो हात जोडून म्हणाला, “साहेब, हिरीत वहिनीचा बी वाटा हाय.” वकील कुजबुजला, “अहो, काल काय ठरलं होतं?” “काल हितं गोदाम होतं, वकीलसाहेब.” आता कोर्टाची इमारत दगडी, भव्य आहे, माझे हात मात्र सोनेरी रंगाच्या डब्यापुढेच जुळतात.